प्रोसिडिंगच्या वहीतला हातपंप

सातवीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासनाचा एक धडा होता. सिल्वासाच्या मराठी शाळेत तो मी दहा-बारा वर्षं शिकवला, आणि आज इतक्या वर्षांनीही त्याची आठवण झाली की माझं डोकं तडकतं. धडा वाईट होता असं नाही. चांगला नीटनेटका लिहिलेला होता. फक्त तो आमच्याबद्दल नव्हता. पुस्तक महाराष्ट्राचं आणि आम्ही राहत होतो केंद्रशासित प्रदेशात. पुस्तकात नगरपालिका होती, नगराध्यक्ष होते, त्यांच्या कामांची लांबलचक यादी होती. सिल्वासात तेव्हा नगरपालिका नव्हती. गाव चारी अंगांनी वाढत होतं, सायलीकडे कारखान्यांच्या शेडवर शेड उभ्या राहत होत्या, आणि कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. पुस्तकात आमदार होते. आम्हाला विधानसभाच नव्हती.

माझ्या वर्गातली निम्मी मुलं धुळे-जळगावकडून कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांची. उरलेली आजूबाजूच्या पाड्यांवरची, वारली. घरी एक बोली, रस्त्यावर गुजराती, कारखान्याच्या दारात हिंदी आणि शाळेत माझी कोकणातून आणलेली, अनुस्वार ठासून म्हटलेली मराठी. एका वर्षी खानदेशातल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "सर, आपला आमदार कोन शे?"

मी म्हटलं, आपल्याला आमदार नसतो.

"मंग पेपरात काय लिहू?"

"पुस्तकात आहे ते लिही."

हे उत्तर मी दिलं. मला तेव्हा त्यात काही चुकीचं वाटलं नाही. वर्गातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं.

माझा स्वभाव तापट. घरचे म्हणत, याच्या नाकावर राग नाही, रागावर नाक आहे. मी फळ्यावर लिहायला लागलो की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. आणि लिहिण्याचा मला फार गर्व होता. माझं अक्षर खरोखरच सुंदर होतं. शाळेचे सूचनाफलक, सत्कारांची मानपत्रं, पंधरा ऑगस्टची निमंत्रणं, सगळं माझ्याकडे. मुलांना मी रोज शेवटच्या तासाला सुलेखन करायला लावायचो. माझ्या अक्षराखाली माझ्यासारखंच अक्षर काढायचं. वेलांटी कुठे वळते, काना किती उंच, सगळं मोजून मापून. जमलं नाही तर पान फाडून पुन्हा.

हे सुलेखन सगळ्यांत छान जमायचं एका मुलीला. ती कारखान्यांच्या मागच्या एका पाड्यावरून यायची, पाऊण तास पायवाटेने. अंगाने काटकुळी, केसांना भरपूर तेल, आणि वाचायला उभी केली की न अडखळता खणखणीत वाचायची. तिच्या घरात तिच्याआधी कोणी शाळेत गेलेलं नव्हतं. सातवी झाली असती तर सरकारी वसतिगृहात राहून तिला पुढे शिकता आलं असतं. तिच्या बापाने शाळेत येऊन मला तसं बोलून दाखवलं होतं. पुढ्यात उकिडवा बसून म्हणाला होता, "सातवी पास झाली तर पुढं पाठवीन गुरजी. नापास झाली तर मंग नाय." सरळ हिशेब होता. पोरीलाही तो ठाऊक होता.

तर ही पोर दिवाळीनंतर उशिरा यायला लागली. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, आणि संक्रांत झाल्यावर तर कधीकधी मधल्या सुट्टीच्या थोडं आधी. मी तिला दाराबाहेर उभी करायचो. हजेरीपटात तिच्या नावापुढे लाल शाईने "उ" लिहायचो, उशिराचा. अशा तीन उशिरांची एक गैरहजेरी धरायची हा आमच्या हेडमास्तरांचा नियम. तो उ सुद्धा मी देखणा काढायचो, हे आज लिहिताना माझीच मला चीड येते.

एकदा मी तिला खडसावून विचारलं, "रोज रोज उशीर का?"

"पानी भराया जाते सर."

"पाणी सगळ्यांनाच भरावं लागतं. तूच एकटी पितेस का पाणी?"

वर्ग हसला. तिने परत कधी कारण सांगितलं नाही. दाराबाहेर उभी राहून आतला धडा ऐकायची, आणि मी प्रश्न विचारला की बाहेरूनच उत्तर द्यायची. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. शिस्त म्हणजे शिस्त, असं माझं होतं.

आता सेक्रेटरीबद्दल सांगायला हवं. आमच्या शाळेला लागून असलेल्या भागाची एक गटपंचायत होती, चार-पाच पाडे मिळून एक. तिचे सेक्रेटरी डहाणूकडचे, बोलायला गोड, निम्मं मराठी निम्मं गुजराती बोलणारे. त्यांचं अक्षर इतकं गचाळ की त्यांनाच परत वाचता येत नसे. एक दिवस ते शाळेत आले, फलकावरचं माझं अक्षर पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आ तो छापेलुंच लागे, एकदम छापल्यासारखं. आमच्या प्रोसिडिंगला असा अक्षर पाहिजे. वरचे साहेब तपासणीला येतात ते एकदम खुश होऊन जातील."

झालं. मी विरघळलो. मला त्यांनी चहाशिवाय कधी काही दिलं नाही आणि मी काही मागितलं नाही. मला फक्त तेवढं वाक्य पुरलं. तेव्हापासून वर्षातून तीन-चारदा ते कच्च्या कागदावर मुद्दे आणून द्यायचे आणि मी रविवारी अथालच्या माझ्या भाड्याच्या खोलीत बसून ग्रामसभेचं इतिवृत्त मोठ्या जाड वहीत उतरवून काढायचो. वर तारीख, वेळ, ठिकाण. खाली विषय क्रमांक एक, ठराव क्रमांक एक, सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. शेवटी उपस्थितांची यादी. त्यासाठी मी पट्टीने रेघा मारून रकाने आखायचो: अनुक्रमांक, नाव, सही किंवा अंगठा. अंगठ्याचे चौकोन मी मुद्दाम जरा मोठे ठेवायचो, शाई पसरू नये म्हणून. एवढी माझी काळजी.

एकदा मी विचारलं होतं, "सभा झाली कधी ही? मला तर गावात काही दिसलं नाही."

"झाली ने सर. तुम्ही शाळेत होता तेव्हा."

तारीख रविवारची होती. माझ्या लक्षात आलं. मी पुढचं पान उलटलं आणि लिहायला लागलो. लोकांना वाटतं की खोट्या कामाला माणसं लाच घेऊन तयार होतात. अहो, लाच तरी घ्यावी लागते. मी शाबासकीवर तयार झालो.

नव्वदीच्या सुरुवातीला पंचायतींसाठी घटनेत दुरुस्ती झाली आणि रेडिओवर, पेपरात ग्रामसभेचं एकदम कौतुक सुरू झालं. मलाही जोर चढला. इतकी वर्षं नसलेल्या आमदाराची आणि नसलेल्या नगरपालिकेची घोकंपट्टी करून घेत होतो, त्याची आतून कुठेतरी लाज वाटत असावी. मी ठरवलं की या वर्षी धडा पुस्तकातून नाही, प्रत्यक्ष दाखवायचा. सातवीचा वर्ग ग्रामसभेला न्यायचा. आपल्याकडे ग्रामसभा आहे, ती तरी खरी आहे.

हेडमास्तर वैतागले. ते वसईचे, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, कुठल्याही नव्या गोष्टीने त्यांना घाम फुटायचा. म्हणाले, "सहल हवी ना तुम्हाला? वासोण्याच्या रानात न्या. डबे खा, गाणी म्हणा. पंचायतीत काय बघायचंय? सतरंजी?"

मी तावातावाने भांडलो. म्हणालो, मुलांना आपला अधिकार कळायला नको का? लोकशाही काय परीक्षेपुरती असते का? अशी भाषणं मला छान यायची. शेवटी त्यांनी हात झटकले. मी निघालो तेव्हा मागून म्हणाले, "आणि त्या पाड्यावरच्या मुलीचं बघा. हजेरी भरत नाहीये. महिनाअखेर अशीच राहिली तर वार्षिकला बसवता यायचं नाही. तुमच्याच मस्टरवरून सांगतोय."

मी म्हटलं, सांगतो तिला. आणि सांगितलंही, वर्गात, सगळ्यांदेखत. ती मान खाली घालून ऐकत होती. "उद्यापासून वेळेवर," मी म्हटलं. ती "हो सर" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं उशिरा आली. धावत आली होती, फ्रॉक खांद्यापासून ओला होता. मी उ लिहिला.

ग्रामसभेच्या आधीचा पूर्ण आठवडा मी वर्गाची तयारी करून घेतली. सभा कशी सुरू होते? मागील सभेचं इतिवृत्त वाचून. ते का वाचायचं? लिहिलंय तसंच झालं होतं की नाही, हे लोकांनी तपासावं म्हणून. चुकीचं असेल तर? उभं राहून सांगायचं. घाबरायचं का? नाही! पस्तीस मुलं एका सुरात ओरडायची, नाही! वाचल्याशिवाय सही करायची का? नाही! शेजारच्या वर्गातल्या बाई येऊन म्हणाल्या, जरा हळू.

सभा होळीच्या आधी, पंचायतीच्या घरासमोर मांडव घालून झाली. या वेळी खरीखुरी घ्यावी लागली, कारण वरून कोणीतरी साहेब पाहायला येणार होते. साहेब आलेच नाहीत ती गोष्ट वेगळी. पण दवंडी पिटली गेली होती, लोक आले होते. पाड्यांवरच्या बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये माझा वर्ग शिस्तीत बसलेला. सरपंच खुर्चीवर, शेजारी सेक्रेटरी, टेबलावर ती जाड वही. वही पाहून मला बरं वाटलं होतं. तिच्या पुठ्ठ्यावरचं नावही मीच लिहिलेलं होतं.

सरपंच म्हणाले, "मागच्या सभेचं वाचा."

सेक्रेटरींनी चष्म्याच्या शोधात सगळे खिसे चाचपले. आणि इथे माझी हौस आडवी आली. मी उठून म्हणालो, "माझी विद्यार्थिनी वाचेल. फार छान वाचते." सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण सरपंच खुश होऊन म्हणाले, वा वा, पोरीला वाचू द्या. मी तिला पुढे केलं. खांद्याला हात लावून, सगळ्यांना दिसेल असं. तिचे आईबाप समोर बसले होते, त्यांनी मान वर करून पाहिलं. मागच्या सभेत काय होतं हे मला आठवतही नव्हतं. मी कधी वाचलंच नव्हतं, नुसतं लिहिलं होतं.

तिने वही उघडली आणि क्षणभर थांबली. मला वाटलं, बुजली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग परत वहीकडे. मी मानेने खूण केली, वाच. तिने वाचायला सुरुवात केली. तारीख, वेळ, ठिकाण. विषय एक, रस्त्यावरचे खड्डे बुजवण्याबाबत. विषय दोन, शाळेच्या कुंपणाबाबत. विषय तीन. आवाज तसाच खणखणीत.

"ठराव क्रमांक तीन. कारखान्यांच्या मागील पाड्यावर नवीन हातपंप बसविण्यात आला असून पाड्यावरील ग्रामस्थांची पाण्याची अडचण कायमची दूर झाली आहे. त्याबद्दल ग्रामस्थांनी समाधान व्यक्त करून पंचायतीचे आभार मानले. सर्वानुमते मंजूर."

मांडवात काही कळायला वेळ लागला. मग बायकांच्या बाजूने कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "कुठला पंप?"

ती थांबली नाही. मी शिकवलं होतं ना, पूर्ण वाचायचं. ती उपस्थितांच्या यादीवर आली. माझ्या पट्टीने आखलेल्या चौकोनांतली नावं एकेक वाचत गेली, आणि सहाव्या की सातव्या नावाला तिचा आवाज पहिल्यांदा अडकला. ते तिच्या बापाचं नाव होतं. पुढे अंगठा. रेशनच्या दुकानावर रॉकेलसाठी म्हणून घेतलेला, हे नंतर त्याने सांगितलं. त्याच्यासारखे अजून पंधरावीस.

मग गलका झाला. बायका उभ्या राहिल्या. कोणी म्हणालं, आमची विहीर दिवाळीनंतर आटते, कारखान्याच्या बोअरने सगळं पाणी ओढलं, आम्ही ओढ्याच्या वळणापलीकडे जातो हंडा घेऊन, एका खेपेला तास जातो. कोणी म्हणालं, माझी पोर शाळा सोडून पाणी भरते. सरपंच हात वर करून "शांत, शांत" करत होते. सेक्रेटरी उठले, आणि त्या गोड आवाजात म्हणाले, "लिहिण्यात काय भूल झाली असेल. माझा अक्षर नाहीये ते. सरांच्या हाताचा आहे. त्यांना विचारा ने."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. पस्तीस मुलं माझ्याकडे पाहत होती. त्यांना विचारायची गरज नव्हती. रोज शेवटच्या तासाला ते अक्षर गिरवत होती ती.

मी उभा राहिलो. आठवडाभर मीच शिकवलं होतं, उभं राहून सांगायचं, घाबरायचं नाही. आणि मी म्हणालो, "मी फक्त उतरवून काढलं."

त्या चार शब्दांबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. लोकांवर मी फार चिडतो, सरपंचावर, सेक्रेटरीवर, न आलेल्या साहेबावर. पण ती माणसं जशी होती तशी होती, त्यांनी कोणाला शिकवायचा आव आणला नव्हता. आव मी आणला होता. पोरगी वही हातात धरून उभी होती. तिने ती मिटली, टेबलावर ठेवली आणि आपल्या आईजवळ जाऊन बसली. वर्गात परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्यावरच्या बायका रिकामे हंडे घेऊन पंचायतीच्या दारात येऊन बसल्या. शाळा जवळच, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. एक म्हातारी ओरडून ओरडून सांगत होती, "पंप वहीत आहे ना? मंग वहीतनंच पानी काडून द्या! आमी हंडे लावतो!" बाकीच्या हसत होत्या, पण उठत नव्हत्या. माझी विद्यार्थिनी त्यांच्यात बसली होती. खिडकीतून मला तिची वेणी दिसत होती.

माझ्यासमोर हजेरीपट होता. तिच्या नावापुढे काय लिहायचं? पहिल्यांदा मनात आलं, हजर लिहावं. द्यावी भरून हजेरी, कोण बघतंय. आणि मग मी पेन मागे घेतलं. पुन्हा तेच! जे झालं नाही ते देखण्या अक्षरात लिहून मोकळं व्हायचं. मी पानं मागे चाळली. दिवाळीपासूनचे सगळे लाल उ. एका वहीत मी पाड्याला पंप दिला होता, आणि दुसऱ्या वहीत तो पंप नाही म्हणून पोरीला रोज शिक्षा केली होती. दोन्ही ठिकाणी तोच काना, तीच वेलांटी. मला इतका राग आला की घाम पुसायच्या निमित्ताने मुलांकडे पाठ करावी लागली.

मग मी त्या दिवशी "गैरहजर" लिहिलं, आणि पुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "पाड्यावर हातपंप नाही." तेवढ्यावर थांबलो नाही. मागच्या प्रत्येक उ-पुढे तेच लिहीत गेलो. पाड्यावर हातपंप नाही. पाड्यावर हातपंप नाही. रकाने पुरले नाहीत तेव्हा समासात लिहिलं. प्रत्येक पानाखाली पूर्ण नाव घालून सही केली. त्यानंतर एका कागदावर लिहून दिलं की पंचायतीची अमुक अमुक इतिवृत्तं मी माझ्या खोलीत बसून लिहिली आहेत, त्या सभा मी पाहिलेल्या नाहीत. तो कागद घेऊन मी मामलेदार कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अक्षर काय सुरेख आहे हो तुमचं." मी त्याच्या अंगावर जायचा बाकी राहिलो.

हेडमास्तरांनी मस्टर पाहिलं आणि ते खुर्चीत बसलेच. "सरकारी रेकॉर्ड आहे हे! यात निबंध लिहितात का?"

"खरं आहे ते लिहिलंय."

"खरं लिहायला कोणी सांगितलं होतं? उशिरा, गैरहजर, हजर. तीनच शब्द आहेत मस्टरला."

मी त्यांना म्हटलं, मुलीला परीक्षेला बसू द्या. कारण समोर लिहिलंय, चूक तिची नाही. ते म्हणाले, कारणाला नियम नाही, हजेरीला आहे. मी टेबलावर मूठ आपटली, शाईची दौत कलंडली, पुढे आठ दिवस भांडलो, शिक्षण खात्यात जाऊन आलो. तिथे मला सांगितलं की हजेरीत फेरफार केल्याबद्दल आधी माझा खुलासा हवा. मी खुलासा दिला. त्यावर ज्ञापन आलं. त्यालाही उत्तर दिलं. या सगळ्यात वार्षिक परीक्षा सुरू झाली आणि संपली. ती बसली नाही.

पंप आला. तो पावसाळ्यात आला, विहीर काठोकाठ भरलेली असताना. निळा रंग दिलेला, चबुतरा सिमेंटचा. सरपंचांनी नारळ फोडला म्हणे. सेक्रेटरींची बदली झाली, माझीही झाली, मला रानात आतल्या एका शाळेवर पाठवलं. सेक्रेटरींची बदली बढतीवर होती हे मला नंतर कळलं, आणि त्या दिवशी मी जेवलो नाही.

पण बदलीच्या आधीची एक गोष्ट राहिली. जून महिन्यात, शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल, ती आपल्या बापाबरोबर आली. शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. सायलीच्या एका कारखान्यात बायकांना पॅकिंगचं काम मिळत होतं, तिथे तिची मावशी होती, तिच्या हाताखाली घेणार होते. वय चौदा होत आलेलं. बापाने माझ्याकडे पाहून हात जोडले. त्याने हात जोडले, मला! दाखले लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे होतं. मी कोरा छापील फॉर्म काढला, पेनचं टोपण उघडलं.

ती म्हणाली, "दुसऱ्या सरांना लिवाया सांगा."

हेडमास्तर म्हणाले, "अगं, सरांचं अक्षर..."

"म्हणूनच," ती म्हणाली.

मी पेन खाली ठेवलं. ड्रिलच्या सरांना बोलावलं. त्यांचं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय. त्यांनी नाव, जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक असं भरलं, आणि शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात सवयीने "पालकांची इच्छा" लिहिलं. सगळ्या दाखल्यांवर आम्ही तेच लिहायचो. मग कागद बापापुढे सरकवून त्यांनी शाईचा पॅड उघडला.

बापाने अंगठा पुढे केला. तिने त्याचं मनगट धरलं. "थांब," म्हणाली. कागद उचलून तिने तो उभ्याने वाचला, वरपासून खालपर्यंत, कावळ्याच्या पायांवरून बोट फिरवत, जराही घाई न करता. आम्ही तिघे मास्तर आणि तो बाप वाट पाहत उभे होतो. मग तिने कागद परत टेबलावर ठेवला आणि बोट एका रकान्यावर टेकवलं.

"हे खोटं आहे. माझ्या बापाची इच्छा नव्हती. खोडा."

ड्रिलच्या सरांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खोडा."

त्यांनी खोडलं. "मग काय लिहू?"

"पानी लिवा," ती म्हणाली. आणि त्यांनी लिहिलं की नाही ते परत एकदा वाचून झाल्यावरच तिने बापाचं मनगट सोडलं.